सर्वांना हार

त्या राज्यात प्रत्येकाच्या गळ्यात हार होता आणि हरलेलं कोणीच नव्हतं.

राज्य शेळ्यांचं होतं. एका डोंगराच्या उतारावर ते पसरलेलं होतं. खाली बोरीबाभळींचं रान, वर कातळाचा शेंडा आणि शेंड्यावर एक उभा दगड. वर्षातून एकदा, गवत पिवळं पडायला लागलं की तरणी शेळ्या-बोकडं पायथ्यापासून त्या दगडापर्यंत धावत. ज्याचा खूर दगडाला पहिला लागे त्याच्या गळ्यात हार पडे. हार साध्या पाल्याचा, पण त्यात मधूनमधून अडुळसा ओवलेला असे. शेळी जगातलं सगळं खाते, अडुळशाला मात्र तोंड लावत नाही, हे कोणालाही ठाऊक आहे. तरीही जिंकलेला खाली उतरू लागला की हरलेल्यांनी वाटेत त्याला गाठायचं, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा आणि त्याच्या हारातलं अडुळशाचं एक पान तोडून चावून गिळायचं, अशी तिथली जुनी रीत होती. पायथ्याशी पोचेपर्यंत जिंकणाऱ्याच्या गळ्यात नुसता दोर उरे. हरणाऱ्यांच्या जिभेवर कडवटपणा उरे, आणि तो वर्षभर पुरे.

मग एका वर्षी पंचप्रमुख दाढोबांच्या नातवाने ते पान चावलं आणि तीन दिवस चारा सोडला. दाढोबा म्हणजे गुडघ्यापर्यंत दाढी असलेला वजनदार बोकड. दुसऱ्यांच्या पोरांनी वर्षानुवर्षं अडुळसा गिळला तेव्हा त्यांना रीत दिसली होती. घरचं पोर रडलं तेव्हा त्यांना क्रौर्य दिसलं. पंच उंबराखाली बसले. कोवळ्या जिभांना कडू कशाला, असं ठरलं. ठराव सांगायला साळुंकी उडाली. साळुंकी अर्थ सांगत नाही, शब्द सांगते. झाडाझाडावर बसून तिने पुकारलं, "यापुढे कोणाच्याही वाट्याला हार नाही."

पंचांना म्हणायचं होतं एक, आयांनी ऐकलं दुसरंच. आमच्या लेकरांना हार नाही म्हणजे काय, असं म्हणत सगळ्या आया शिंगं खाली घालून उंबराखाली जमल्या. हार मिळालाच पाहिजे, एकालाच का म्हणून, सगळ्यांना मिळाला पाहिजे, अशी एकच ओरड झाली. दाढोबांनी आयुष्यात कधी आपल्या बोलण्याचा खुलासा केला नव्हता, तो त्या दिवशी तरी कशाला करतील? ते म्हणाले, बरं, तसं करा. साळुंकी पुन्हा उडाली.

"यापुढे सर्वांना हार."

राज्यभर आनंद झाला. एका म्हाताऱ्या शेळीने तेवढं विचारलं की नक्की कोणता हार. पण ढोल वाजायला लागले होते, तिचं कोणी ऐकलं नाही.

त्या म्हातारीचं नाव भिंगरी. पलीकडच्या डोंगरावर, म्हणजे कातळावर, दुसऱ्या शेळ्यांचं राज्य होतं आणि तिथेही लहान पोरांना ते नाव सांगून घाबरवत असत. दोन डोंगरांच्या मधल्या घळीत एक झरा होता. उन्हाळ्यात दुसरं पाणी नसे, आणि तो झरा दोन्ही डोंगरांना पुरत नसे. म्हणून दर पाच वर्षांनी दोन्हीकडचा एकेक धावक त्याच शेंड्यावरच्या दगडापर्यंत धावे. जो डोंगर जिंके त्याला झऱ्यावर 'पहिलं तोंड' मिळे. म्हणजे त्याने सकाळी पोटभर प्यायचं, आणि हरलेल्याने दुपारी जाऊन खोल खळग्यात उरेल ते चाटायचं. भिंगरीने दोन वेळा हे पहिलं तोंड आणलं होतं. तिच्या मागून तिच्या मुलाने एकदा आणलं, आणि पुढे तो कड्यावरून घसरून गेला. घरात उरल्या तिघी : भिंगरी, सून मखमल आणि नात कुसळी. तिघी तीन तोंडांच्या, पण एकाच बोरीखाली.

सर्वांना हार द्यायचा म्हटल्यावर पाल्याचे हार पुरेनात. शिवाय पाला सुकतो, आणि सुकलेला हार गळ्यात बरा दिसत नाही. म्हणून घायपाताच्या वाखाचे दोर वळून त्यात सोनकिड्यांचे पंख ओवायला सुरुवात झाली. हे हार सुकत नव्हते, तुटत नव्हते आणि उन्हात असे चमकत की दुरून डोंगर पेटल्यासारखा वाटे. आधी जन्मलेल्या कोवळ्या पोरांनाही ते बांधले. पिल्लू जन्मलं की घरातल्या सर्वात थोर शेळीने पहिला हार बांधायचा. उभं राहिलं की दुसरा. पहिली उडी मारली की तिसरा, उडी मारताना पडलं तर सांत्वनाचा आणखी एक. जुने काढायचे नसत. मिळालेला मान कोणी काढून ठेवतं का?

अशी चार वर्षं गेली आणि पाचवं उजाडलं. कातळावरून निरोप आला की झऱ्याची शर्यत महिन्यावर आली आहे, तुमचा धावक कोण?

धावक निवडायला दाढोबांनी सगळ्या तरण्यांची धाव ठेवली. भिंगरी पहाटेपासून शेंड्याजवळच्या खडकावर जाऊन बसली होती. गेल्या चार वर्षांत गुडघे धरल्यामुळे ती एवढं वर आली नव्हती, आणि जे कानावर येई ते म्हाताऱ्यांचं रडगाणं म्हणून सोडून देत होती. खालून बारा जणं सुटली. पहिल्या चढावर त्यांचे पाय पाहून म्हातारीचं ऊर भरून आलं. काय ते पाय! तिच्या वेळी असे पाय कोणाला होते? चारा चांगला, हाडं भरलेली, उडी तर अशी की मधे खडक आहे हे पायाला कळूच नये. सर्वात पुढे कुसळी होती. भिंगरी उभी राहिली.

बोरीच्या वळणावर, जिथून खडा चढ लागतो, तिथे काय झालं कोण जाणे. कानात कोणी काही सांगावं तशी बाराच्या बारा जणं एकदमच मंदावली. पळण्याची दुडकी झाली, दुडकीचं चालणं झालं. रवंथ करत, एकमेकांसाठी थांबत ती दगडापाशी आली आणि पाच पावलं अलीकडे ओळीने उभी राहिली. एकजण दुसऱ्याला म्हणाला, तू लाव खूर. दुसरा म्हणाला, मला काय हौस आहे, तूच लाव. शेवटी कोणीच लावला नाही. पंचांनी मान हलवली, बाराही जण पहिले आले असं जाहीर झालं, आणि बारा नवे हार बारा गळ्यांत पडले.

भिंगरीच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. तिने तिथे वणवे पाहिले होते, लांडगे पाहिले होते, पोटच्या पोराला कड्यावरून जाताना पाहिलं होतं. पण दगड पाच पावलांवर असताना चार पाय जागच्या जागी उभे राहतात, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. झऱ्यावरचं पहिलं तोंड त्या पाच पावलांच्या पलीकडे होतं आणि तिकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं.

त्या दिवशी उंबराखाली मोठी सभा भरली. सगळे थोर एकमुखाने सांगत होते की आताच्या पोरांत ईर्षाच राहिली नाही. कोणी चाऱ्याला दोष दिला, फार मऊ झालाय म्हणे. कोणी म्हणालं, सगळा घोळ त्या डबक्याचा आहे. रानाच्या खालच्या टोकाला एक गढूळ डबकं होतं आणि तरणी पोरं दिवसच्या दिवस त्यात मान खाली घालून उभी असत. आपापले हार पाण्यात बघत असतात, दुसरं काय करणार, असं दाढोबा म्हणाले. आमच्या वेळी आम्ही पाण्यात तहान बघायचो, असंही म्हणाले. हे वाक्य सर्वांना फार आवडलं आणि त्याबद्दल दाढोबांना एक हार घालण्यात आला.

भिंगरी मात्र सभेतून उठून थेट बोरीखाली आली. तिने नातीला सांगितलं की कातळावाल्यासमोर तू धावायचंस आणि उद्यापासून मी तुला पळवणार.  मखमल मधेच म्हणाली, की लेकरू पहिलंच आलंय, आणखी किती पहिलं यायचं?

दुसऱ्या दिवसापासून म्हातारी नातीच्या मागे लागली. पहिल्या चढावर कुसळी वाऱ्यासारखी जाई आणि बोरीच्या वळणावर थांबे. रोज तेच. म्हातारीने तिला समजावलं, मग टोचलं, मग शिव्या घातल्या. तिची जीभ अशी की आख्खा डोंगर तिला भिऊन असे.

"तुझा बाप हा कडा एका श्वासात चढायचा," ती म्हणाली. "तुझ्या अंगात रक्त आहे की ताक?"

"ताक असतं तर आत्तापर्यंत तू घुसळून लोणी काढलं असतंस, आजी," कुसळी म्हणाली.

उत्तर ऐकून म्हातारीला मनातून बरंच वाटलं. जिला असं बोलता येतं तिच्यात विस्तव आहे, असा तिचा हिशेब. मग हा विस्तव बोरीच्या वळणावर विझतो कसा? हा भित्रेपणा आहे, असं तिने ठरवून टाकलं, आणि भित्रेपणावरचा एकच उपाय तिला माहीत होता. चौथ्या दिवशी कुसळी वळणावर मंदावली तशी म्हातारी मागून धावून आली आणि उरलंसुरलं सगळं बळ एकवटून तिने नातीच्या पाठीवर धडक मारली.

कुसळी चढावर चार उड्या गेली आणि कोसळली. तिच्या तोंडातून आवाज येईना. डोळे बाहेर आले, जीभ निळी पडली, ती पाय हवेत झाडायला लागली. म्हातारी धावली. श्वास कुठे अडकला ते बघायला तिने नातीच्या गळ्यातले हार नाकाने वर सारले. वरचे दहा सरले. खालचा अकरावा सरेना. तो दिसतच नव्हता. जिथे हार असायला हवा तिथे मानेभोवती एक खाच होती, तिच्यावरचे केस केव्हाच गेले होते, आणि खाचेच्या दोन्ही बाजूंचं मांस दोरावर चढून आलं होतं. मान मोठी झाली होती. जन्माच्या दिवशी बांधलेला हार तेवढाच राहिला होता.

 म्हातारीने तो दोर ओळखला होता. नात जन्मली तेव्हा तिनेच घायपाताचा वाख निवडून दोर वळला होता, माझ्या नातीचा हार तुटायला नको म्हणून दुपदरी वळला होता, आणि कधी गळून पडू नये म्हणून मरगाठ मारली होती. मरगाठ ती, बांधणाऱ्यालाही सुटत नाही.

हळूहळू कुसळीचा श्वास परत आला.

"पळलं की आवळतो," ती म्हणाली. "खड्या चढावर फार आवळतो."

"बोलली का नाहीस, पोरी?"

"सगळ्यांनाच आवळतो गं, आजी. आम्हाला वाटलं, पळणं असंच असतं."

 म्हातारीने आयुष्यात हजारदा सांगितलं होतं की पळणं म्हणजे काय, पण आपल्याला पळताना श्वास येत होता हे सांगायचं तिला कधी सुचलं नव्हतं. ते काय सांगायचं असतं? कुसळी तिला खाली डबक्याकडे घेऊन गेली. तिथे पाच-सहा तरणी पोरं गळ्यापर्यंत चिखलात उतरून उभी होती. पाण्यात कोणी बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. चिखल गार असतो, कुसळीने सांगितलं, जखमेची आग थांबते. माशाही बसत नाहीत. दाढोबांचा नातू तर सकाळी उतरतो तो सांजेलाच बाहेर येतो.

भिंगरी तशीच उंबराखाली गेली. पंच बसलेले होते. तिने जे पाहिलं ते सांगितलं आणि म्हणाली की आजच्या आज सगळ्या पोरांचे हार तोडा.  मग दाढोबा घसा साफ करून म्हणाले की हार तोडणं म्हणजे दिलेला मान परत घेणं, आणि असं या राज्यात कधी झालेलं नाही. एक पंच म्हणाला, वयात आलं की मानेला सवय होते. दुसऱ्याने सुचवलं की झऱ्याच्या शर्यतीला जो जाईल त्याला एक खास मोठा हार आधीच घालावा, म्हणजे त्याला हुरूप येईल. सगळ्यांना ते पटलं. भिंगरी दाढोबांना म्हणाली की तुमचा नातू चिखलात उभा आहे, एकदा जाऊन त्याची मान बघा. दाढोबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी दाढी दुसऱ्या बाजूला घेतली. त्यांना ठाऊक होतं, हे भिंगरीला तेव्हा कळलं, आणि चिखल पाहून बसला नव्हता तेवढा धक्का तिला त्या दाढीने दिला.

घरी आल्यावर तिने सुनेला सांगितलं की मी कुसळीचा हार तोडणार. मखमल लेकीच्या आड उभी राहिली. ती गरीब स्वभावाची, सासूपुढे कधी मान वर न केलेली. पण त्या दिवशी केली.

"तुम्ही ते अडुळशाचं पान कधी चावलंत का, आत्याबाई?" तिने विचारलं.

 भिंगरीने ते कधीच चावलं नव्हतं.

"मी सात वर्षं चावलं. दर वर्षी जिंकलेल्याच्या डोळ्यात बघून चावलं. एका वर्षी ते तुमच्या मुलाच्या गळ्यातलं होतं, आणि पुढे त्याच्याशीच संसार केला. तुम्हाला जिंकणं तेवढं माहीत आहे. माझ्या पोरीच्या गळ्यात काही नाही असं कोणी म्हणालं, तर ते मी कसं ऐकू?"

 खरं होतं ते. त्या डोंगरावर कडू कशाला म्हणतात हे भिंगरीला सोडून सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी आख्खं आयुष्य ती त्यावर बोलत आली होती.  शेवटी कुसळीच आईच्या आडून पुढे आली. तिने सांगितलं की तिला जिंकायचंय का ते तिला ठाऊक नाही, पण बोरीच्या वळणापुढचा चढ कसा आहे ते एकदा बघायचंय. मग ती म्हातारीसमोर बसली आणि मान लांब केली.

"तोड," ती म्हणाली.

मखमलने पाठ फिरवली. पण ती तिथून गेली नाही.

वरचे दहा हार त्याच सांजेला घटकाभरात निघाले. अकराव्याला दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपार झाली. म्हातारीला खालचे चारच दात उरले होते. घायपाताचा वाख पाण्याने कुजत नाही, उन्हाने तडकत नाही. तो तिने स्वतःच पारखून घेतला होता. चावून चावून तिच्या हिरड्यांतून रक्त आलं. दोराला पू लागलेला होता, आणि त्या पुवाची चव तिच्या जिभेवर उतरली. थुंकायची सोय नव्हती. थुंकायला तोंड काढलं तर वाखाचे तंतू पुन्हा मांसात जात होते. तिने ती गिळली. उन्हं कलताना शेवटचा पदर तुटला आणि मरगाठ, तशीच बांधलेली, मातीत पडली. कुसळीने श्वास घेतला. तो श्वास इतका मोठा आणि इतका लांब होता की मखमल दचकून मागे वळली. आपल्या लेकीचा श्वास तिने त्याआधी ऐकलाच नव्हता.

पुढच्या वीस दिवसांत कुसळी बोरीच्या वळणाच्या पुढे गेली. आधी दहा पावलं, मग तीस, मग दगडापर्यंत. ती धापा टाकत परत येई आणि म्हातारी म्हणे, ठीक आहे, तुझ्या बापाच्या निम्म्याने आलीस. वीस दिवसांत चार वर्षं भरून येत नाहीत, हे म्हातारीला कळत होतं. सांगत नव्हती एवढंच.

शर्यतीच्या सकाळी दोन्ही डोंगर लोटले. कुसळी पायथ्याशी येऊन उभी राहिली तेव्हा अलीकडच्या गर्दीतून एक हुंकार उठला. उघडी मान! आयांनी पिल्लांचे डोळे आपल्या पोटाखाली झाकले. कोणी मखमलकडे बघितलं, कोणी मुद्दाम बघितलं नाही. मखमल जागची हलली नाही. कातळावरून आलेला धावक खापऱ्या नावाचा राकट तरणा बोकड होता. एक कान फाटका, गुडघ्यांवर जुने ओरखडे. त्याचीही मान उघडीच होती, पण ती कोणाच्या डोळ्यावर आली नाही. तिकडे हार मिळवावा लागतो, अशी काहीतरी रानटी चाल आहे, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

दोघं सुटली. पहिल्या चढावर कुसळी पुढे होती. बोरीच्या वळणावर गर्दीने सवयीने श्वास सोडला, झालं, आता थांबेल. ती थांबली नाही. खड्या चढावर खापऱ्या तिच्या बरोबरीला आला. मग कधी त्याचं शिंग पुढे, कधी तिचं. शेवटच्या खडकावर दोघांनी एकदमच उडी घेतली. भिंगरीचे सगळे सांधे आपोआप ताठ झाले, जणू तीच उडत होती. खापऱ्याचा खूर दगडाला लागला तेव्हा कुसळीचा खूर दगडापासून वीतभर लांब होता.

पहिलं तोंड गेलं. डोंगराच्या तोंडचं पाणी पळालं, ते अक्षरशः.

पण गर्दी गप्प होती ती त्याच्यामुळे नव्हे. हरलेलं कोणी त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलेलं नव्हतं, आणि पाहिल्यावर काय करायचं असतं हे कोणालाच आठवेना. लहान पिल्लं तर आईला विचारत होती की तिला काय झालंय. झाडावरच्या साळुंकीला दुसरा शब्द येत नव्हता. तिने सवयीने पुकारलं, सर्वांना हार. शेंड्यावर कुसळी उभी होती. तोंडाला फेस, बरगड्या भात्यासारख्या, आणि पुढच्या खुराने ती खडक खरवडत होती, खरवडतच होती. तिचे डोळे लाल झाले होते. ते रडण्याने नव्हते, आणि दुसऱ्या कशाने होऊ शकतात हे तिथल्या तरण्यांपैकी कोणाला माहीत नव्हतं. ती सगळी मान उंचावून तिच्याकडे टक लावून बघत राहिली.

दाढोबा लगबगीने पुढे आले. खास करून ठेवलेला मोठा हार चौघा पंचांनी उचलून आणला होता. असू दे, असू दे, छान पळालीस, म्हणत त्यांनी तो पुढे केला. कुसळी बाजूला सरकली. ते पुन्हा पुढे झाले, ती पुन्हा सरकली. मग ती त्यांच्या अंगावरून सरळ खापऱ्यासमोर गेली आणि त्याच्या डोळ्यात बघून तिने विचारलं, "पुन्हा कधी?"

"पाच वर्षांनी," खापऱ्या धापा टाकत म्हणाला. मग म्हणाला, "पण मी रोज सकाळी चढतो. येत जा की."

भिंगरीने मखमलकडे पाहिलं. दोघींपैकी कोणालाच आपण हसतोय की काय करतोय ते कळत नव्हतं.

उन्हाळा आला तो मात्र कोणाला हसू देणारा नव्हता. सगळी डबकी वाळली, चिखलाच्या खपल्या झाल्या. कातळावरचे सकाळी पिऊन जात आणि दुपारी अलीकडचं राज्य झऱ्यावर रांग लावी. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना दुसरं तोंड आलं होतं. पाणी खळग्याच्या तळाला गेलेलं, वर खडकाची अरुंद कड. म्हाताऱ्यांना जमे, त्यांच्या गळ्यात दोन-तीनच हार. तरण्यांनी मान खाली घातली की दहा-बारा हारांचा तो जाड वेढा कडेवर अडे. पंख खडकावर घासून करकरत. जीभ ताणून ताणून बाहेर काढावी, आणि पाणी जिभेपासून दोन बोटं खाली चमकत असावं. पंचांनी तिथेच सभा घेतली आणि झरा खोल गेला असल्याचं एकमताने नोंदवलं. आया पिल्लांच्या पाठीवर जोर देऊन मान खाली दाबत होत्या. दाढोबांचा नातू तीनदा वाकला आणि तीनदा कोरड्या तोंडाने उठला.

तेवढ्यात चढावरून कुसळी आली. रोजच्यासारखीच घामेजलेली, एका गुडघ्यावर ताजं खरचटलेलं. आज तरी जिंकलीस का, असं भिंगरीने विचारलं, आणि तिने नाही म्हणून मान हलवली. रांगेने वाट दिली. तिने खडकावर पुढचे गुडघे टेकले आणि मान खळग्यात सोडली. ती सरळ तळापर्यंत गेली. मग बराच वेळ फक्त पिण्याचा आवाज येत राहिला.

ती डोकं वर काढून उभी राहिली तेव्हा शेवटचा घोट अजून तिच्या घशात होता. तो त्या उघड्या मानेतून, केस न उगवलेल्या पांढऱ्या वळाखालून, सावकाश खाली उतरताना सगळ्यांना दिसला. रांगेतल्या तरण्यांनी तो जाताना पाहिला आणि त्यांनीही, एकाच वेळी, कोरडा आवंढा गिळला. त्यासरशी त्या सगळ्या गळ्यांतले हार उन्हात चमकत किंचित वर उचलले गेले, आणि पुन्हा जिथल्या तिथे आवळून बसले.